ह्यांची साखर आणि महादेवाचा प्रसाद

मला लाज वाटली की हसू येतं. दुसऱ्या बायका लाजल्या की खाली बघतात, पदर ओढून घेतात. मी तेही करते, पण पदराच्या आत खुदुखुदू हसत असते. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी हसले. सासऱ्यांच्या, म्हणजे बापूंच्या, पाया पडायला वाकले तेव्हा हसले, आणि ते बिचारे आपल्या धोतराकडे बघत राहिले. म्हणून तीस वर्षं आमच्या घरात बाहेरच्या माणसाशी बोलायचं काम ह्यांचं, आणि ह्यांच्या मागं बसून हसू दाबायचं काम माझं. ह्यांनाही बोलायला फार आवडतं असं नाही. दिवसाला वीसेक शब्द वापरतात, त्यातले पाच "अगं" असतात.

आम्ही माळव्यातल्या देवासचे. ह्यांचे पूर्वज फौजेबरोबर तंबू शिवायला दक्षिणेतून इकडे आले, असं घरात सांगतात. फौज कधीच संपली, शिवण मात्र चालूच राहिली. हे अजून टेंट-हाउसवाल्यांचे शामियाने, कनाती, झालरी शिवतात, आणि मधल्या वेळात मोहल्ल्यातल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावतात.

गेल्या नवरात्राच्या आधीची गोष्ट. एक बाई साडी न्यायला आली. हे मांडीवर साडी घेऊन फॉलचे शेवटचे टाके घालत होते. म्हणाले, "झालंच, वीतभर राहिलं." गाठ मारली, दोरा दातानं तोडला, उठले, आणि साडी ह्यांच्याबरोबर उठली. वीतभरातला अर्धा फॉल साडीला लागला होता आणि अर्धा पायजम्याला.

बाई ओरडली, "अरे भिया, मेरी साड़ी पहन के कहाँ चले?"

हे तसेच आत आले, मागं जरीचा काठ घेऊन. मी उसवायला बसले आणि इतकी हसले की मला टाका सापडेना. हे उभे. मग म्हणाले, "हसून घे. मला टाका दिसत नाही." आवाज साधाच होता, पण माझं हसू थांबलं. ह्यांचा हात लहानपणापासून कपड्यावर आहे. टाका दिसत नाही म्हणजे काय, ते मला सांगायला लागलं नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, उजवा पिकलाय, ऑपरेशन सोपं आहे. मग रक्त तपासलं आणि म्हणाले, साखर तीनशेच्या वर आहे, मी हात लावणार नाही. या साखरेत जखम चिघळली तर डोळाच जाईल. आधी साखर खाली आणा, तिच्या डॉक्टरांचा कागद आणा, मग तारीख देतो.

असे आम्ही साखरेच्या डॉक्टरांकडे गेलो. ते हिंदीत बोलतात, मी इथं मराठीत लिहिते. त्यांनी ह्यांना विचारलं:

"दारू?"

"नाही."

"तंबाखू, गुटखा?"

"कधी शिवलोही नाही."

"दुसरी कुठली नशा?"

"राम राम, डॉक्टरसाहेब. आमच्या घरात चालत नाही."

सगळं खरं होतं. तेव्हा तरी होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, सकाळी पोटाला टोचायचं इन्सुलिन लिहिलं, आणि ह्यांना सुईवरचे आकडे दिसणार नाहीत म्हणून टोचायचं काम माझ्याकडे आलं. नर्सनं एकदा दाखवलं. घरी येऊन मी आधी वांग्याला टोचलं. वांगं गप्प राहिलं. मग हे बनियन वर करून बसले, डोळे मिटून, पोट आत ओढून, जणू वरात येणार आहे आणि फोटो काढायचाय. मला हसू फुटलं. "हात हलवू नकोस," हे म्हणाले. "तुम्ही पोट सोडा," मी म्हणाले. तीन सकाळी गेल्या, मग जमलं.

साखर हळूहळू उतरायला लागली होती. तेवढ्यात ह्यांचा मित्र आला.

हा मित्र ह्यांच्याबरोबर शाळेत होता. ठंडाईचं दुकान आहे त्याचं. इकडे कुणालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, पण ह्याला अख्खा बाजार भियाच म्हणतो, मीही इथं भियाच लिहिते. त्यानं मोबाइलवर कुठंतरी वाचलं होतं की भांग घेणाऱ्यांची साखर कमी असते. ओट्यावर बसून चहा ओढत म्हणाला, "सुई-फुई छोड़ यार. संझा को एक गोली, भोलेनाथ का परसाद. शुगर ऐसी उतरेगी जैसे टेकरी से बंदर."

"डॉक्टरला विचारतो," हे म्हणाले.

"परसाद डॉक्टर से पूछ के लेता है कोई? भाभी, इसको समझाओ."

मी पदराआड हसले. भियानं ते होकार समजून घेतला.

इथं माळव्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही ते सांगायला हवं. आमच्याकडे भांगेला नशा म्हणत नाहीत. नशा म्हणजे दारू, नशा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पडलेला माणूस. भांग महादेवाला चढते, मग वाटीतून घरात येते, आणि हातावर घेऊन आधी कपाळाला लावायची असते. कपाळाला लावलेली वस्तू नशा कशी होईल? पुढच्या वेळी डॉक्टरांनी तेच प्रश्न विचारले, ह्यांनी तीच उत्तरं दिली, आणि ह्यांच्या मनात खोटं बोलल्याचा लवलेश नव्हता. माझ्याही नव्हता.

बोराएवढी हिरवी गोळी. संध्याकाळी दिवा लागला की हे ती पाण्याबरोबर घ्यायचे. तासाभरानं ह्यांचे वीस शब्द संपून दुसरे सुरू व्हायचे.

मी ह्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मशीनजवळची खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी यायचे. "अगं, तू वरणाला फोडणी देतेस ना, तो आवाज मला दुकानापर्यंत येतो. मी मशीन थांबवून ऐकतो." तीस वर्षं मशीन का थांबतं म्हणून मी विचार करत होते, मला वाटायचं दोरा तुटत असेल. एकदा म्हणाले, "लग्नात तू हसलीस तेव्हा मला वाटलं, मुलगी वेडी आहे. मी बापूंना म्हणालो, बापू, वेडी दिली. बापू म्हणाले, आता अक्षता पडल्या." मी हसून हसून पोळी जाळली. जळकी पोळी हातात घेऊन हे म्हणाले, "बघ, नकाशा! हे धार, हे देवास, आणि हे भोक म्हणजे इंदूर," आणि इंदुरातून माझ्याकडे बघायला लागले.

आणि भूक! पोळ्या झाल्या की, "आता काय आहे?" सेव. सेव संपली की पोहे. पोहे झाले की कोपऱ्यावरची जलेबी. थंडीत गराडू, आमच्याकडचे कंद, तळून हवे, वर लिंबू, वर मसाला, आणि त्यानंतर परत जलेबी, कारण तोंड तिखट झालं. मी करून देत होते. लिहिताना मान खाली जाते, पण देत होते, कारण खाता खाता हे बोलायचे, आणि मी फोडणी जरा जोरात द्यायला लागले होते.

सकाळी बोटाला टोचून साखरेचं मशीन बघितलं की आकडा वर. डॉक्टर आकड्यांची वही बघून कपाळाला आठ्या घालायचे आणि इन्सुलिन थोडं वाढवायचे. पुन्हा वर, पुन्हा वाढ. टेंट-हाउसवाला दोनदा येऊन गेला. लग्नसराईची नवी झालर हवी होती, ह्यांना दिसेना. तिसऱ्यांदा तो आला नाही. त्यानं कापड इंदूरला पाठवल्याचं भियाकडून कळलं. त्या संध्याकाळी ह्यांनी दीड गोळी घेतली.

महाशिवरात्रीला आम्ही धारला गेलो, माझ्या थोरल्या बहिणीकडे. ताईच्या सासरी भांगेचा मोठा थाट. बदाम, बडीशेप, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या आणि भांग, सगळं पाट्यावर वाटायचं. वरवंटा उचलला की पाटाही त्याला चिकटून उचलला गेला पाहिजे. तोवर वाटण झालं असं धरत नाहीत. ताईचे हात दुखतात म्हणून यंदा मी बसले. दोन तास वाटलं, पाटा उचलला, ताईनं टाळी वाजवली. मग दुधात कालवून गोड बेताचं आहे का ते बघायची वेळ आली. ताई म्हणाली, "चाखून बघ." मी चाखलं. वेलची कमी. वेलची घातली, चाखलं. साखर कमी. साखर घातली, चाखलं. आता वेलची लागेना. अशी मी पाच वेळा चाखून नैवेद्याआधीच प्रसाद घेऊन बसले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. म्हणजे जेव्हा ताईच्या भिंतीवरचं घड्याळ मला फारच विनोदी वाटायला लागलं तेव्हा.

ताईची मुलगी औषधांच्या कॉलेजात शिकवते. ती सुट्टीला आली होती. ती भांग घेत नाही, पण घेणाऱ्यांकडे बघत बसायला तिला आवडतं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, घड्याळ काय म्हणतंय?"

"चालत नाहीये," मी म्हणाले आणि हसत आडवी झाले.

"चालतंय ते. तुझ्या डोक्यातलं थांबलंय."

झोपाळ्यावर हे बसले होते, पेला घेऊन, मजेत. म्हणाले, "तू औषधांची मास्तरीण आहेस. सांग बरं, भांगेनं साखर उतरते की नाही? आमचा भिया म्हणतो उतरते."

भाची सरळ बसली. तिच्या वर्गात असंच होत असणार. तिनं ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या ब्लाउजच्या बाहीचं बटण धरलं.

"काका, तुम्ही शिवणारे, तुम्हाला लगेच कळेल. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीच्या अंगावर काजं असतात."

"किती?"

"पुष्कळ, वेगवेगळ्या मापांची. रक्तातून बटणं फिरत असतात. ज्या काजात जे बटण बसेल ते बसलं की पेशी काहीतरी काम करते. भांगेत एक बटण आहे. ते मेंदूतल्या काजात बसतं, म्हणून मावशीला घड्याळ हसवतंय."

"आणि भूक?" मी विचारलं. मला फार भूक लागली होती.

"तीही तीच काजं. आता गंमत ऐक. आपलं अंग स्वतःसुद्धा तशीच बटणं तयार करतं. भांग न घेताही. थोडी थोडी, लागतील तेवढी."

हे ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे सगळ्यांच्याच अंगात महादेव बसलाय?" आणि आम्ही दोघी बहिणी एकमेकींच्या अंगावर पडलो. भाची थांबली. वर्गात असं झालं तर ती बाहेर काढत असेल.

मग तिनं ह्यांच्या पोटावर, बरगड्यांच्या खाली, बोट ठेवलं. "इथं आत, जठराच्या मागं, स्वादुपिंड आहे. त्यात काही पेशींचे पुंजके असतात, त्या इन्सुलिन बनवतात. आणि काका, त्या पेशींवरही तीच काजं सापडली आहेत."

हे एकदम ताठ झाले. "बघ! भिया बरोबर होता."

"ऐका तर. बटण बसलं की त्या पेशी काय करतात, यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. कुणाला प्रयोगात इन्सुलिन जास्त सुटलेलं दिसलं, कुणाला कमी. उंदरात एक दिसतं, माणसाच्या पेशीत दुसरं. काजंही एका प्रकारची नाहीत. काहींना वाटतं की ते काज सतत अडकलेलं राहिलं तर त्या पेशी दमतात, मोकळं ठेवलं तर त्यांना बरं. पण म्हणून संध्याकाळी गोळी घ्या किंवा घेऊ नका म्हणजे साखर उतरेल, असं सांगण्याइतकं अजून कुणालाच माहीत नाही. भियांना तर नाहीच."

"मग काज शिवूनच टाकायचं," ताई म्हणाली. "कटकट नको."

"तेही करून बघितलं, आई. काज बुजवणारी गोळी निघाली होती. लोकांची भूक कमी झाली, वजन उतरलं, साखरही सुधारली."

"मग?"

"मग माणसं उदास व्हायला लागली. इतकी, की काहींच्या मनात जीव द्यायचं यायला लागलं. गोळी बंद करावी लागली. मेंदूतलं काजही तेच ना. पोटातलं बुजवलं आणि डोक्यातलं उघडं ठेवलं, असं तेव्हा त्या गोळीला जमत नव्हतं."

त्यावर कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. मला एकदम ती माणसं दिसली, बारीक झालेली, साखर चांगली असलेली, आणि कशातच मन नसलेली. त्यांच्या घरात फोडणीचा आवाज ऐकायला मशीन कोण थांबवणार?

भाचीनं माझ्या वहीत तो शब्द लिहून दिला, "कॅनाबिनॉइड रिसेप्टर", मोठ्या अक्षरात. मी अजून काजच म्हणते. मग तिनं विचारलं, "काकांच्या डॉक्टरांना माहीत आहे ना, काका रोज घेतात ते?"

झोपाळा थांबला.

"प्रसादाचं डॉक्टरला काय सांगायचं?" हे म्हणाले. "उद्या म्हणशील तीर्थ घेतलं तेही सांगा."

"तीर्थ मेंदूत जाऊन बसत नाही, काका. ते इन्सुलिन वाढवताहेत ते तुमच्या जलेबीवर वाढवताहेत, आणि त्यांना वाटतंय तुमच्या आजारावर. एखाद दिवशी जलेबी नसली तर? साखर खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. तुम्हाला वाटेल भांग चढली."

परतीच्या बसमध्ये वाटेतलं घाटाबिल्लोद येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तू काही बोलायचं नाहीस. त्यांनी कागदावर नशा लिहिलं, की डोळ्याचा डॉक्टर तो कागद वाचणार. संपलं ऑपरेशन." मी मान हलवली. मी कधी बोलले आहे डॉक्टरांशी? मला तर नुसत्या कल्पनेनंच हसू येत होतं, आणि ताईच्या वाटीतलं थोडं अजून अंगात शिल्लकही होतं.

रंगपंचमीच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं इन्सुलिन दिलं. हे चहा पिऊन भियाच्या दुकानावर गेले ते दुपारी आले. अंग गुलाबी-हिरवं, डोळे मिचमिचे, आणि गालात हसू. मशीनपाशी बसले आणि म्हणाले, "झालर आली का?"

"कसली झालर?"

"ती... लग्नाची... वरात उभी आहे ना."

मला हसू आलं. म्हटलं, आज फार चढली. भांग उतरायला आम्ही लिंबू देतो, म्हणून मी लिंबू कापायला घेतलं. अर्धं कापलं आणि ह्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. हात मशीनच्या चाकावर होता आणि चाक आपोआप हलत होतं. मी हात धरला. गार. ओला, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि रंग घामानं खाली वाहत होता.

"जेवलात का भियाकडे?"

"वरात आधी जेवेल."

साखर मोजायचं मशीन कुठं ठेवलं ते मला आठवेना. एका हातात लिंबू, एका हातात साखरेचा डबा घेऊन मी उभी. हे हसताहेत ते चढल्यामुळं की उतरल्यामुळं? भांग असेल तर लिंबू, साखर उतरली असेल तर साखर, आणि चुकले तर? मग दोन्ही घातलं. पाण्यात चार चमचे साखर, वर लिंबू पिळलं, सरबतच झालं. पेला ह्यांच्या तोंडाला लावला. "मोठ्या माणसांना आधी," हे म्हणाले, म्हणजे वरातीतल्या. मी म्हणाले, "मोठे तुम्हीच. घ्या." पहिल्यांदाच ह्यांच्यावर ओरडले. ह्यांनी घेतलं.

पंधरा मिनिटांनी चाक थांबलं. ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तू का रडतेस?" मी म्हणाले, "हसतेय." दोन्ही चाललं होतं.

त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. रंगपंचमीचा दिवस ह्यांनी वहीत लिहूच दिला नव्हता. डॉक्टरांनी बाकीच्या सकाळचे आकडे बघितले, नेहमीसारखे वर. म्हणाले, "कमाल आहे तुमच्या साखरेची. पुन्हा वाढवायला लागणार. आणि डोळ्याचं आता उन्हाळ्यानंतरच बघू." पेन कागदावर टेकलं.

माझ्या पदराआड हसू आलं. डॉक्टरांना आता सवय होती, त्यांनी बघितलंही नाही. मी म्हणाले, "नका वाढवू."

मला वाटलं मनातच म्हणाले. पण ह्यांनी मान वळवली, नर्सनं मान वळवली, आणि डॉक्टरांचं पेन थांबलं.

"काय म्हणालात?"

"नका वाढवू. हे..." आणि मला जे हसू सुटलं ते थांबेना. टेबलाची कड धरली. डॉक्टर ह्यांना म्हणाले, "यांना काय झालं?" हे म्हणाले, "तिला काही नाही, ती हसते." मी हसता हसता बोलत गेले. सगळं. संध्याकाळची गोळी, दीड गोळी, सेव, पोहे, गराडू, जलेबी दोनदा, रंगपंचमीची वरात, लिंबू आणि साखर. मध्येच काजंही सांगितली, स्वादुपिंडावरची, आणि उंदरांचं वेगळं आहे हेही. नर्स तोंडाला रुमाल लावून उभी होती. ह्यांनी जमिनीकडे बघितलं आणि कान लाल झाले.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळी झाल्यापासून."

"मी दर वेळी विचारलं. नशा करता का?"

"नशा नाही करत," हे पुटपुटले. "प्रसाद आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता लिहिणार. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. या गावात दुकान काढून बसलोय आणि प्रसादाचं विचारत नाही." मग माझ्याकडे बघून, हसू न आणता म्हणाले, "बाई, आज तुम्ही गप्प बसला असता तर मी वाढवलं असतं. पुढच्या वेळी लिंबू कापायलाही वेळ मिळाला नसता."

त्यांनी इन्सुलिन वाढवलं नाही. रात्रीचं खाणं आणि भांग, दोन्ही बंद करा म्हणाले, रोज दोन वेळा साखर मोजून फोनवर कळवा म्हणाले, आणि दर चार दिवसांनी इन्सुलिनचा आकडा खाली आणत गेले. डोळ्याचा कागद अडवणार नाही, साखर उतरली की मिळेल, हेही सांगितलं. रिक्षात हे माझ्याकडे पाठ करून बसले. घरी आल्यावर "पाणी" म्हणाले. दुसऱ्या दिवशी "मीठ".

गोळी थांबली तशी भूकही थांबली, आणि बोलणंही. घर परत वीस शब्दांवर आलं, आणि सुरुवातीला त्यातला एकही "अगं" नव्हता. संध्याकाळी दिवा लावला की मी उंबऱ्याकडे बघायचे. खुर्ची मशीनपाशीच. खरं सांगते, दोन-तीनदा मनात आलं की एक अर्धी गोळी काय बिघडवणार आहे. मग मी उठून भाजी चिरायला घ्यायचे. साखर उतरत होती. दोनशे पन्नास, दोनशे वीस, एकशे ऐंशी. मी आकडा वाचायचे, हे ऐकायचे, आणि एकदा मान हलवून म्हणाले, "परत वाच." परत वाचला. एकशे बेचाळीस.

भिया येऊन ओट्यावर बसला. "भाभी, आपने तो मेरा पक्का गिराक तोड़ दिया."

मी आतून म्हणाले, "भिया, डोळा झाला की तुमच्या दुकानाचा पडदा हे फुकट शिवतील."

भिया थक्क. ह्यांना म्हणाला, "ये बोलती भी हैं?"

"हल्ली," हे म्हणाले.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. सूचना मला दिल्या, कारण हे म्हणाले, "हिला सांगा, ही बोलते." वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, खोकायचं-शिंकायचं सांभाळून, जोरानं हसायचं नाही. शेवटची सूचना देताना त्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. साखरेच्या डॉक्टरांनी कागदावर काय लिहून दिलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येऊन हे उताणे पडले आणि एका डोळ्यानं छताकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं.

"अगं."

"काय?"

"पंख्यामागं जाळं आहे."

"असेल."

"कोपऱ्यात दुसरं आहे. आणि तिथं भिंतीला चीर आहे, आणि ती देवीच्या कॅलेंडरावर तारीख आहे ती मागच्या महिन्याची आहे. तू हे सगळं असं ठेवलंस?"

"तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मीही बघत नव्हते. थेंब घालायची वेळ झाली, सरळ राहा."

मी बाटली घेऊन वाकले. ह्यांनी डोळा मोठा केला, ओठ घट्ट मिटले. मी ओठांकडे बघितलं. ओठ हलायला लागले होते.

"हसू नका. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तूच हसतेस."

"मी नाही."

पहिला थेंब नाकावर पडला. दुसरा मिशीवर. मी बाटली मागं घेतली, तोंड दुसरीकडे केलं, मोठा श्वास घेतला. खाटेवरून ह्यांचा आवाज आला, "अगं, आता एकदा बाहेर जाऊन हसून ये, पण थेंब घाल," आणि खाट हलायला लागली. मी एका हातानं ह्यांचं कपाळ दाबून धरलं, डोळा उघडा धरला, आणि दोघांनीही श्वास रोखून धरला तेवढ्यात तिसरा थेंब बरोबर डोळ्यात गेला.